दोषाला ‘स्वभाव’ म्हणण्याचे अर्थशास्त्र

कामगारकपातीला ‘पुनर्रचना’ म्हणावयाचे, भाववाढीला ‘दरांचे सुसूत्रीकरण’ म्हणावयाचे आणि विकलेल्या मालात खोट निघाली की तिला ‘तंत्रज्ञानाचा स्वभाव’ म्हणावयाचे, ही भांडवली बाजारपेठेची जुनी रीत आहे. पहिल्या दोन शब्दच्छलांविरुद्ध समाजवादी चळवळीने पुष्कळ लिहिले व बोलले आहे. तिसऱ्याकडे मात्र तिने फारसे लक्ष दिलेले नाही. वस्तुतः तिसरा शब्दच्छल सर्वांत लाभदायक आहे. कारण तो एकदा मान्य झाला म्हणजे कारखान्यात निर्माण झालेला तोटा कोणताही गाजावाजा न होता ग्राहकाच्या खात्यावर चढतो. लॅपटॉपच्या पडद्यावर उमटून राहणाऱ्या छायांचे प्रकरण हे या व्यवहाराचे स्वच्छ उदाहरण आहे. विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. तो क्षुल्लक का नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

जून २०१२ मध्ये अ‍ॅपल या अमेरिकन कंपनीने पंधरा इंची ‘मॅकबुक प्रो’चा नवा अवतार सॅन फ्रान्सिस्को येथे जाहीर केला. त्याच्या पडद्याला ‘रेटिना’ असे नाव होते. आडवे २,८८० व उभे १,८०० असे एकूण ५१ लाख ८४ हजार प्रकाशबिंदू त्यात बसवलेले होते. त्या वेळी बाजारात असलेल्या कोणत्याही लॅपटॉपचा पडदा इतका सूक्ष्म नव्हता, आणि जाहिरातीचा सारा भर त्यावरच होता. किमान किंमत २,१९९ डॉलर. विक्री सुरू होऊन काही आठवडे झाले नाहीत तोच ग्राहकांच्या तक्रारी येऊ लागल्या. पडद्यावर एखादे चित्र वा चौकट काही मिनिटे स्थिर राहिली आणि नंतर दुसरा मजकूर समोर आणला, तरी आधीच्या चित्राची फिकट आकृती मागे दिसत राही. कोणाच्या पडद्यावर ती थोड्या वेळाने विरे, कोणाच्या पडद्यावर बराच वेळ टिके. जो माणूस छायाचित्रे, नकाशे किंवा मुद्रणाची पाने तपासून पोट भरतो, त्याच्या दृष्टीने असा पडदा म्हणजे खोट्या वजनाचा तराजू होय.

असे का होते? एल.सी.डी. पडद्यात काचेच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये द्रव-स्फटिकाचा थर असतो. प्रत्येक बिंदूपाशी एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतो. त्याने दिलेल्या विद्युत्दाबाप्रमाणे स्फटिकाचे रेणू वळतात आणि मागून येणारा प्रकाश कमीअधिक प्रमाणात पुढे जाऊ देतात. हा दाब एकाच दिशेचा राहू नये म्हणून त्याची दिशा दर सेकंदाला अनेक वेळा उलटवली जाते. हा तोल किंचित जरी ढळला, किंवा स्फटिकाच्या द्रवात अशुद्ध विद्युत्भारित कण राहिले, तरी तो भार कडेच्या थरावर साठतो. मग चित्र बदलले तरी रेणू पूर्ववत होत नाहीत आणि जुनी आकृती रेंगाळते. भार ओसरला की ती जाते. याचा अर्थ असा की, प्रतिमा रेंगाळणे ही शक्यता या तंत्रात मुळातच आहे, हे खरे. पण ती किती वेळ रेंगाळावी हे द्रवाची शुद्धता, थराची प्रत, दाबाचा तोल व कारखान्यातील तपासणी यांवर ठरते. शक्यता निसर्गाची असते; तिचे प्रमाण मात्र कारखानदाराने ठरवलेले असते. गिरणीच्या कापडाचा रंग थोडाफार जातो हे सर्वांस ठाऊक आहे. म्हणून पहिल्याच धुण्यात उतरलेला रंग हा ‘कापडाचा स्वभाव’ आहे, असे कोणी दुकानदार म्हणू लागला तर गिऱ्हाईक ते ऐकून घेईल काय?

अ‍ॅपलचे उत्तर नेमके याच वळणाचे होते. या प्रकारच्या पडद्यांवर एखादे चित्र बराच काळ राहिल्यास त्याची पुसट खूण मागे दिसणे असाधारण नाही, असे कंपनीच्या साहाय्यपत्रिकेने सांगितले. आणि काम नसेल तेव्हा पडदा आपोआप मालवण्याची वा त्यावर हलते चित्र लावण्याची सोय वापरावी, असा उपाय सुचवला. सल्ला व्यवहारी आहे यात शंका नाही. पण त्यातून जबाबदारीची दिशा कशी पालटली ते पाहावे. काल जो मालाचा दोष होता, तो आज वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा झाला. ज्याने दोन हजारांहून अधिक डॉलर मोजले त्यानेच आता आपल्या पडद्याची शुश्रूषा करावयाची.

हा ‘स्वभाव’ सर्व पडद्यांचा असता तर कंपनीच्या म्हणण्यात काही अर्थ राहिला असता. पण तसे नव्हते. हे पडदे दक्षिण कोरियातील दोन उद्योगसमूहांकडून घेतले जात होते, एक एल.जी. आणि दुसरा सॅमसंग. ग्राहकांनी आपल्या यंत्रातील सांकेतिक क्रमांक काढून पाहिले, तेव्हा छायांच्या तक्रारी मुख्यतः एल.जी.च्या पडद्यांविषयी आहेत असे त्यांना आढळून आले. खोक्यावर नाव एक, किंमत एक, जाहिरात एक. आत मात्र दोन वेगवेगळ्या कारखान्यांचा माल. दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला आपल्या वाट्याला कोणता येणार हे कळण्याचा मार्ग नव्हता. पैसे देऊन, खोके फोडून, यंत्र चालू केल्यानंतरच ते कळणार. अशा व्यवहाराला विक्री म्हणावे की सोडत?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांचा १९७० सालचा प्रसिद्ध निबंध आठवल्याशिवाय राहणार नाही. जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन त्यांनी दाखवले की, विक्रेत्याला मालाची प्रत ठाऊक आहे आणि गिऱ्हाइकाला ती ठाऊक नाही, अशा स्थितीत किंमत ही प्रतीची खूण राहत नाही, आणि चांगला माल बाजारातून हुसकला जातो. या कार्याबद्दल २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. अ‍ॅकरलॉफ समाजवादी नव्हते, म्हणून त्यांची साक्ष अधिक मोलाची. मात्र जुन्या मोटारीच्या विक्रेत्याला अज्ञानाची सबब तरी सांगता येते. कोणता पडदा कोणत्या कारखान्यातून आला याची नोंद अनुक्रमांकानिशी बाळगणाऱ्या कंपनीला ती सबबही नाही. येथील अज्ञान एकतर्फी आहे आणि ते जाणीवपूर्वक राखलेले आहे.

मुक्त बाजाराचे कैवारी यावर म्हणतील, ‘फसवणूक झाली असेल तर न्यायालये आहेत.’ न्यायालयातही हे प्रकरण गेले. २०१३ साली कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात ग्राहकांच्या वतीने सामुदायिक दावा दाखल झाला. एकाच नावाखाली वेगवेगळ्या प्रतीचे पडदे विकले आणि ही गोष्ट ग्राहकांपासून दडवली, असे त्यातील म्हणणे होते. न्यायालयाने दावा फेटाळला. सुधारून आणलेला दावाही त्याच वर्षाच्या अखेरीस फेटाळला. जाहिरातीतील सर्वसाधारण स्तुती म्हणजे वचन नव्हे, हा अमेरिकी कायद्यातील जुना दंडक आहे. ‘सर्वोत्कृष्ट’ म्हणणे ही स्तुती. ‘सर्व पडदे एकसारखे आहेत’ असे कंपनीने कोठे म्हटलेच नव्हते. निकालाचा व्यावहारिक अर्थ इतकाच झाला की, बोललेल्या शब्दाचे बंधन नाही आणि न बोललेल्या शब्दाचे तर नाहीच नाही. कायदा येथे मोडला गेला नाही. कायदा मुळातच विक्रेत्याच्या मापाने बेतलेला होता, आणि समाजवाद्यांचा आक्षेप नेमका त्यावर आहे.

‘स्पर्धा आहे, गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल,’ हा दुसरा युक्तिवाद. पडद्यांच्या धंद्यातील स्पर्धेचा इतिहास या युक्तिवादाला अनुकूल नाही. २००१ ते २००६ या काळात आशियातील प्रमुख एल.सी.डी. उत्पादकांचे प्रतिनिधी तैवानमधील हॉटेलांत गुप्तपणे जमून भाव ठरवीत असत. नोव्हेंबर २००८ मध्ये एल.जी. डिस्प्ले, शार्प व चुंगह्वा पिक्चर ट्यूब्स या तीन कंपन्यांनी अमेरिकी न्यायखात्यापुढे गुन्हा कबूल करण्याचे मान्य केले. त्यांचा एकत्रित दंड ५८ कोटी ५० लाख डॉलर होता, पैकी ४० कोटी एकट्या एल.जी. डिस्प्लेचे. डिसेंबर २०१० मध्ये युरोपीय आयोगाने सहा उत्पादकांना मिळून सुमारे ६४ कोटी ८० लाख युरोंचा दंड ठोठावला. सॅमसंगने आधीच माफीचा साक्षीदार होऊन आपली सुटका करून घेतली होती. शार्पने ज्यांच्या मालाच्या बाबतीत भाव ठरवल्याची कबुली दिली, त्यांत अ‍ॅपलही होती. म्हणजे अ‍ॅपलची फसवणूक झाली तेव्हा अमेरिकेचे सरकार, सरकारी वकील आणि फौजदारी कायदा असा सारा लवाजमा उभा राहिला. अ‍ॅपलच्या ग्राहकाने तक्रार केली तेव्हा त्याला पडदा मालवून ठेवण्याचा सल्ला मिळाला. भांडवलदारांच्या आपापसातील व्यवहारात सचोटी हा कायद्याचा विषय असतो. ग्राहकाशी होणाऱ्या व्यवहारात ती मर्जीची बाब उरते.

कोणी म्हणेल, हमीच्या मुदतीत कंपनी पडदे बदलून देत होतीच. होय, देत होती. पण बदलून आलेला पडदा पुन्हा त्याच कारखान्याचा असणार नाही याची हमी कोणी दिली नव्हती. शिवाय मूळ हमी एक वर्षाची. ती तीन वर्षांपर्यंत वाढवावयाची तर वेगळे पैसे मोजावयाचे, म्हणजे दोषाच्या भीतीचाही धंदा. आणि हमी संपल्यानंतर काय? आयफिक्सिट या दुरुस्ती-संस्थेने २०१२ साली हे यंत्र उघडून पाहिले आणि दुरुस्तीक्षमतेचे दहापैकी अवघा एक गुण त्याला दिला. स्मृतिपट्टी पाटीवर डाखलेली, बॅटरी गोंदाने चिकटवलेली आणि पडदा झाकणाशी असा एकजीव केलेला की आत काहीही बिघडले तरी संपूर्ण झाकणच बदलावे लागे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळवून यंत्रे पुन्हा उभी करणारे कारागीर आहेत. अशा बांधणीपुढे त्यांचेही कौशल्य लाचार होते. दोष कारखान्यात जन्मला, दुरुस्तीची वाट कारखान्यानेच बुजवली, आणि अखेरचा उपाय म्हणून नवे यंत्र विकावयास पुन्हा तोच कारखानदार पुढे आला. त्याच २०१२ या आर्थिक वर्षात अ‍ॅपलचा निव्वळ नफा ४,१०० कोटी डॉलरांहून अधिक होता. तपासणी कडक करणे वा दुय्यम पडदे बाजूला काढणे त्या कंपनीला परवडले नसते, असे कोण म्हणेल?

आता चळवळीच्या आतून येणाऱ्या आक्षेपाकडे वळले पाहिजे, कारण तो प्रामाणिक आहे. ‘ज्या देशात शेतमजुराला पुरते काम मिळत नाही, तेथे महागड्या लॅपटॉपच्या पडद्यावरील छायांसाठी समाजवाद्यांनी लेखणी का झिजवावी? हे सुखवस्तूंचे दुखणे आहे.’ या आक्षेपाला दोन उत्तरे आहेत.

पहिले असे की, साधन कोणाच्या हाती आहे यावर त्याचे स्वरूप ठरते. २०२० साली शाळा-महाविद्यालये बंद झाली तेव्हा लॅपटॉप ही चैन आहे की गरज, याचा निवाडा झाला. ज्या घरात यंत्र नव्हते त्या घरातील मूल मागे पडले. आज कारकून, अनुवादक, हिशेबनीस, मुद्रितशोधक, विद्यार्थी असे असंख्य लोक याच पडद्यासमोर दिवस काढतात, आणि पुष्कळांनी तो हप्त्याने घेतलेला असतो. श्रीमंताच्या यंत्रात दोष निघाला तर तो नवे घेतो. हप्ते फेडणारा माणूस दोषासकट यंत्र सांभाळतो आणि हप्तेही फेडतो. दोषाचे ओझे सर्वांवर सारखे पडत नाही; ते खिशाच्या उलट प्रमाणात पडते. आणि श्रीमंतांच्या वस्तूत जो शब्दच्छल आज खपून जातो, तो उद्या गरिबाच्या वस्तूत नियम म्हणून अवतरतो.

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. पडद्याची किंमत केवळ ग्राहक मोजत नाही. त्याआधी ती कामगाराने मोजलेली असते. विनटेक या तैवानी कंपनीच्या चीनमधील सुझोऊ येथील कारखान्यात अ‍ॅपलच्या फोनचे स्पर्शपडदे पुसण्यासाठी अल्कोहोलऐवजी हेक्सेन हे द्रावण वापरण्यात आले, कारण ते लवकर उडून जाते आणि काम झपाट्याने उरकते. त्याच्या वाफांनी कामगारांच्या हातापायांच्या नसा निकामी होऊ लागल्या. १३७ कामगारांना बाधा झाल्याचे अ‍ॅपलने फेब्रुवारी २०११ मधील आपल्या अहवालात मान्य केले. जानेवारी २०१५ मध्ये एल.जी. डिस्प्लेच्या पाजू येथील कारखान्यात नायट्रोजन वायूची गळती होऊन कामगार मृत्युमुखी पडले. वेग वाढवा, खर्च कमी करा, माल बाहेर काढा, हा जो रेटा कामगाराच्या नसांवर आणि श्वासावर येतो, तोच रेटा मालाच्या तपासणीवरही येतो. कारखान्याच्या दारात कामगार आणि दुकानाच्या दारात ग्राहक एकाच धोरणाचे भक्ष्य होतात. म्हणून ग्राहकाचा प्रश्न हा कामगाराच्या प्रश्नाचा प्रतिस्पर्धी नव्हे, तो त्याचाच उत्तरार्ध आहे.

हे प्रकरण जुने झाले, आता त्याचे काय, असेही म्हणता येणार नाही. आज अनेक लॅपटॉपांत ओ.एल.ई.डी. जातीचे पडदे येतात. त्यांत प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाश देतो. ज्या सेंद्रिय द्रव्यापासून तो प्रकाश निघतो ते वापराने झिजते, त्यातही निळ्या रंगाचे द्रव्य अधिक लवकर. स्क्रीनच्या कडेला कायम राहणाऱ्या पट्टीखालचे बिंदू इतरांहून वेगळ्या गतीने झिजतात आणि तिची खूण उमटते. एल.सी.डी.ची छाया बहुधा विरते. ही खूण मात्र जात नाही. २०१७ साली याच जातीचा पडदा आपल्या फोनमध्ये आणताना अ‍ॅपलने साहाय्यपत्रिकेत आधीच लिहून ठेवले की, दीर्घ वापरानंतर असे होणे अपेक्षित आहे. २०१२ साली जे ‘असाधारण नाही’ होते, ते पाच वर्षांत ‘अपेक्षित’ झाले. कंपनीला आपला माल झिजणार हे ठाऊक आहे. मग तो किती तासांनी झिजेल हा आकडा खोक्यावर छापावयास तिला कोणती अडचण आहे?

जगात काही ठिकाणी कायदा जागा होत आहे. फ्रान्सने २०१५ साली मालाचे आयुष्य हेतुपुरस्सर घटवणे हा गुन्हा ठरवला, आणि जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्तीक्षमतेचे गुण छापणे सक्तीचे केले. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला आणि सदस्य राष्ट्रांना अंमलबजावणीसाठी ३१ जुलै २०२६ ही मुदत दिली. धुलाईयंत्रे, शीतकपाटे, मोबाइल फोन या वस्तू त्याच्या यादीत आल्या; लॅपटॉप मात्र संमत झालेल्या त्या यादीत नाही. आपल्याकडे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. सदोष मालाबद्दल उत्पादकाचे दायित्व त्यात स्पष्टपणे आले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात संगणकजालावर एक दालन उघडले. कंपन्या त्यावर आपल्या सेवेची माहिती देतात. परंतु माहितीचे दालन म्हणजे हक्क नव्हे. ज्या कंपनीला दुरुस्ती होऊ द्यावयाची नाही, तिला दालनाची भीती कशाला वाटेल?

तेव्हा मागणी स्पष्ट शब्दांत मांडली पाहिजे. पडदा, बॅटरी व स्मृती या मुख्य भागांचा उत्पादक कोण, हे विक्रीपूर्वी खोक्यावर छापले गेले पाहिजे. एखाद्या तंत्रात प्रतिमा रेंगाळण्याची वा उमटून राहण्याची शक्यता असेल, तर किती काळ चालेल आणि त्यापलीकडे काय दोष मानावयाचे, याची मर्यादा भारतीय मानक ब्युरोने ठरवावी. ती ठरवण्याचे काम विक्रेत्याच्या साहाय्यपत्रिकेवर सोडू नये. हमीच्या मुदतीत दोनदा बदलूनही तोच दोष राहिला, तर पूर्ण रक्कम परत मिळावी. सुटे भाग व दुरुस्तीची कागदपत्रे विक्रीनंतर ठरावीक वर्षे कोणाही कारागिराला वाजवी दरात उपलब्ध असावीत. आणि शासन व विद्यापीठे लोकांच्या पैशातून जी यंत्रे विकत घेतात, त्यांच्या निविदांत दुरुस्तीक्षमतेची अट असावी. या शेवटच्या मागणीसाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. जुलै २०१२ मध्ये अ‍ॅपलने एका पर्यावरणविषयक प्रमाणपत्र-योजनेतून अंग काढून घेताच सॅन फ्रान्सिस्को शहराच्या प्रशासनाने तिची यंत्रे घेणे थांबवण्याचा इरादा जाहीर केला, आणि काही दिवसांतच कंपनी त्या योजनेत परतली. एका गिऱ्हाइकाची तक्रार जी कंपनी ऐकत नाही, ती संघटित खरेदीदाराची भाषा लगेच समजते.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी यातून घ्यावयाचा धडा हाच आहे. तालुक्याच्या गावी एखादा विद्यार्थी सदोष यंत्र घेऊन दुकानदाराशी हुज्जत घालताना दिसला, तर त्याला ‘तुझे नशीब’ म्हणून वाटेला लावू नये. त्याची पावती घ्यावी, तक्रार लिहून द्यावी, जिल्हा ग्राहक आयोगापर्यंत त्याच्याबरोबर जावे, आणि अशा दहा तक्रारी एकत्र करून त्यांतील साम्य लोकांपुढे मांडावे. एकट्याची तक्रार ही कुरकुर ठरते. दहा जणांची तक्रार हा पुरावा होतो. २०१२ साली ग्राहकांनी एकमेकांचे क्रमांक ताडून पाहिले म्हणूनच दोन कारखान्यांचे गुपित उघड झाले. मालाचा दोष हा मालाचा दोष आहे आणि त्याची भरपाई तो बनवणाऱ्याने व विकणाऱ्याने करावयाची आहे, ही साधी गोष्ट कायद्याच्या पुस्तकात उतरेपर्यंत हे काम चालू ठेवावे लागेल.